पाठीमागे बघणाऱ्या बाहुल्या

आयुषच्या बाहुलीची डावी पापणी उजवीपेक्षा किंचित उशिरा मिटत असे. फार नाही, अर्ध्या सेकंदाच्या आसपास. बाहुली आडवी केली की उजवा डोळा टपकन बंद होई. डावा जरा विचार केल्यासारखा थांबे आणि मग बंद होई. प्रणितने हे तीनदा मोजले होते. ऊर्जानगरच्या वीज केंद्रात दाबमापके आणि तापमापके तपासणे हे त्याचे काम. त्यामुळे सारख्या दिसणाऱ्या दोन गोष्टींत फरक आढळला की तो मोजल्याशिवाय त्याला अन्न गोड लागत नसे. मोजून झाले की त्याचे काम संपे. त्या फरकाचे पुढे काय करायचे, हे वरचे साहेब ठरवीत. घरी वरचे साहेब कोणी नव्हते. बायको मयुरी होती, पण ती कागद त्याच्याकडेच परत पाठवी.

कागद एवढाच होता: सात वर्षांच्या मुलाला बाहुली खेळू द्यायची की नाही.

बाहुली आली मार्कंड्याच्या महाशिवरात्रीच्या जत्रेतून. दुकानात बंदुका होत्या, डंपर होते, पोट दाबले की ओरडणारे रबरी वाघ होते. आयुषने सगळे शांतपणे पाहून घेतले आणि मागच्या फळीवरच्या गुलाबी फ्रॉककडे बोट दाखवले. पैसे देताना प्रणित म्हणाला, "त्याच्या मावसबहिणीसाठी घेतोय." दुकानदाराने काही विचारले नव्हते. शिवाय मयुरी एकुलती एक होती, त्यामुळे आयुषला मावसबहीण असणे शास्त्रीयदृष्ट्या अवघड होते. मयुरीने ते ऐकले आणि वैनगंगेचा पूल येईपर्यंत मनात जपून ठेवले. पुलावर म्हणाली, "खेळू द्यायची की नाही ते तुम्ही एकदा सांगून टाका. मग लोकांना तोंड मी देते."

"परीक्षा होऊ दे," प्रणित म्हणाला.

आयुष पहिलीत होता.

हा मुलगा बाहुली खेळे म्हणजे भातुकली वगैरे मांडत नसे. तो तिला मागच्या खिडकीत उभी करी, तोंड बाहेर करून. क्वार्टरच्या मागे तारेचे कुंपण होते, कुंपणापलीकडे काटेरी झुडपे, आणि झुडपांपलीकडच्या भागाला कॉलनीत सगळे नुसते 'तिकडे' म्हणत. वाघ कधीमधी यायचा तो तिकडून. गेटवरच्या वहीत एकदा त्याची रीतसर नोंद झाली होती, वाहन क्रमांकाच्या रकान्यात रेघ मारून.

"तिकडे काय बघते ती?" प्रणितने एकदा सहज विचारले.

"तिकडून जे बघतात त्यांना," आयुष म्हणाला, आणि पाढे लिहायला बसला.

प्रणितने खिडकीचा पडदा ओढून घेतला. थोड्या वेळाने पाहिले तर बाहुली पडद्याच्या पलीकडच्या बाजूला होती. मुलाने हलवली असणार, हे उघड होते. तरी त्याने जाऊन विचारले नाही.

वरच्या मजल्यावर गुणवंतराव राहत. कोळसा विभागात होते, निवृत्तीला वर्ष उरले होते आणि कुठल्याही विषयावर सल्ला तयार होता. एका रविवारी पेपर मागायला ते खाली आले आणि त्यांची नजर खिडकीत गेली. बाहुली कुणाची, असे त्यांनी विचारले. उत्तर दोन शब्दांचे होते. प्रणितने ते तोंडाशी आणले आणि त्याऐवजी तिसराच शब्द बाहेर पडला.

"सॅम्पल आहे."

"कशाचं?"

"जोडधंदा करतोय. मुलग्यांसाठी बाहुल्या." मग, का कोण जाणे, त्याने पुढे जोडले, "आणि पुरुषांसाठी."

हा शेवटचा शब्द आपल्या तोंडी कुठून आला, याचा प्रणितने पुढे बराच शोध घेतला. सापडला नाही. गुणवंतरावांनी पेपर खाली ठेवला आणि ते खुर्चीत बसले. आतून मयुरीने आणलेले पाणी त्यांनी एका दमात संपवले. मग ते हळूच म्हणाले, "म्हणजे अर्धी लोकसंख्या आजवर बाहुलीविना बसली आहे." त्यांच्या डोळ्यांत, हे सांगताना संकोच वाटतो पण, पाणी होते.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या कंपनी बसमध्ये बातमी प्रणितच्या आधी चढली होती. सल्ले सुरू झाले. कुणी म्हणाले गुलाबी रंग काढा. कुणी म्हणाले तिला बाहुली म्हणू नका, बाहुली म्हटले की संपले. अजय नावाचा शिफ्ट इन्चार्ज होता, तो फारसे बोलत नसे. त्याने उतरता उतरता मूळ मुद्दा सांगितला: पोरीची बाहुली नुसती बसून राहिली तरी चालते, पोरांच्या बाहुलीला ड्युटी लागते. सगळ्यांनाच ते पटले होते.

ड्युटी ठरली राखणीची. नाव ठरले 'राखणदार'. गुणवंतरावांनी आपल्या भाच्याकडून खोके छापून घेतले: 'राखणदार. मुलांसाठी व पुरुषांसाठी.' खाली, आपल्या मनाने, 'सदैव जागृत.' नागपूरहून बारा डझन बाहुल्या आल्या, त्याच साच्यातल्या, त्याच मिटणाऱ्या डोळ्यांच्या. मयुरीने खाकी सदरे शिवून दिले. शेवटचे बटण लावताना म्हणाली, "हे मी करते. पण मी विचारलं होतं ते हे नव्हे."

"उन्हाळा जाऊ दे," प्रणित म्हणाला.

मिशा गुणवंतरावांनी काढल्या, काळ्या ऑइलपेंटने. प्लॅस्टिकवर तो रंग वाळत नाही हे चौथ्या दिवशी कळले, तेव्हा मिशा ओघळून ओठांवर आल्या होत्या. काही चेहरे रडून थांबल्यासारखे दिसत, काही हसू दाबत असल्यासारखे. दिवाणखान्यात तीन फळ्यांवर एकशे चव्वेचाळीस बाहुल्या उभ्या होत्या. आडव्या ठेवल्या की रंग खोक्याला लागे, म्हणून उभ्या. त्यामुळे जेवताना, शिफ्टवरून येताना, टीव्ही बघताना, दोनशे अठ्ठ्याऐंशी डोळे. पाहुण्यांनी येणे कमी केले. एकटा आयुष त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नसे. ह्या नुसत्या बघतात, त्यांना दिसत काही नाही, असे त्याचे मत होते.

कॉलनीच्या क्लबच्या आनंद मेळाव्यात पहिला स्टॉल लागला. गर्दी चांगली झाली, विक्री अजिबात झाली नाही. एका पोराने बाहुली उचलून छातीशी धरली, तर बाप म्हणाला, ठेव, ती पोरींची असते. गुणवंतरावांनी मिशीकडे लक्ष वेधले. बापाने मिशी नीट पाहिली आणि म्हणाला, "मग तर ठेवच." दिवसभर प्रणित ओरडत होता की मुलांनो या, बाहुली मुलग्यांचीही असते, यात लाजण्यासारखे काही नाही. त्याचा आवाज बसला. 'काय बाहुलीवाले' हे नाव त्याला त्या दिवशी लागले आणि पुढे पगाराच्या दिवशीही निघाले नाही.

आयुष स्टॉलच्या मागे स्टुलावर बसून सगळे ऐकत होता. त्याची स्वतःची बाहुली घरी होती, कारण 'ती इथे नको' असे प्रणितने सकाळी सांगितले होते. घरी जाताना त्याने विचारले, "बाबा, मग मी माझी बाहेर नेऊ?"

"बघू," प्रणित म्हणाला. त्याच्या बसलेल्या घशातून तो शब्द आलाही नाही. नुसता ओठांचा आकार झाला, पण मुलाला तो आकार पाठ होता.

आता माल खपवणे भाग होते. जिल्ह्याच्या एका कार्यालयात लघुउद्योगाची नोंदणी केली तर प्रदर्शनात जागा मिळते, असे गुणवंतरावांनी शोधून काढले. तिथे चंदाबाई नावाच्या लिपिक होत्या, कामाला अतिशय चोख. त्यांनी संगणकात 'बाहुली' निवडले. समोर आपोआप 'ग्राहक: मुली' आले. त्यांनी ते पुसून 'पुरुष' घातले, तर 'बाहुली' पुसले गेले. तीन वेळा करून पाहिले. "दोन्ही एकत्र घेत नाही जी हे," त्या म्हणाल्या. "बाहुली ठेवा नाहीतर पुरुष ठेवा." प्रणितला यंत्राशी वाद घालायची सवय होती, चंदाबाईंशी नव्हती. शेवटी त्यांनीच मार्ग काढला. वस्तू माणसासारखी दिसते का? दिसते. राखण करते असे खोक्यावर लिहिले आहे का? आहे. मग त्यांनी 'शेती उपयोगी साहित्य' उघडले, 'बुजगावणे, इतर प्रकार' निवडले, आणि ग्राहकाच्या रकान्यात 'पुरुष' निमूटपणे येऊन बसले.

अशा रीतीने त्या बाहुल्या कागदोपत्री बुजगावणी झाल्या. प्रमाणपत्रावर शिक्का पडला तेव्हा प्रणितला आपण कुणाची तरी जात बदलून आलो असे वाटले.

जूनमध्ये मूल या तालुक्याच्या गावी खरिपाचे प्रदर्शन भरले. प्रणितची जागा फवारणी पंप आणि धानाचे बियाणे यांच्या मधोमध होती. तिथे त्याचे वडील सोमाजी आले. मूलपासून पुढे, जंगलाला लागून त्यांचे गाव, चार एकर धान. सोबत त्यांचा शेजारी लटारू होता, बारीक चणीचा, सरपण, मोहफुले, गवत यासाठी वर्षभर जंगलात जाणारा. सोमाजींनी मुलाचा धंदा पाहून घेतला. मग खांद्यावरचा दुपट्टा तोंडावर ओढून घेतला.

लटारू मात्र थांबला. त्याने एक बाहुली उचलली आणि आडवी केली. डोळे मिटले. उभी केली, उघडले. पुन्हा आडवी केली. हे त्याने चार वेळा केले. आजूबाजूला माणसे जमली. कुणी हसले नाही, आणि प्रणितला पहिल्यांदा जरा हायसे वाटले, कारण क्लबमध्ये सगळे हसले होते.

जंगलात जाणाऱ्यांना मागे कधीतरी मुखवटे वाटले गेले होते. ते डोक्याच्या मागच्या बाजूला बांधायचे. वाघ पाठीमागून येतो. त्याला वाटावे की माणूस आपल्याकडेच बघतो आहे. लटारूने ते सगळे वापरून पाहिले होते.

"मुखवट्याचे डोये सदा उघडेच," तो हळूच म्हणाला. "दोन महिन्यांत वाघाले समजते, हे निजत नाई म्हंजे जित्तं नाई. हे पाह्य." त्याने बाहुली आडवी करून सगळ्यांना दाखवली. "हे निजते. मंग आता उठली, तं हे खरीच जागी हाये ना गा."

यावर विज्ञानाचे म्हणणे काय, ते प्रणितला सांगता आले असते. त्याने तोंड उघडलेही. पण समोर चाळीस माणसे रांगेत उभी राहिली होती, आणि त्याच्या आयुष्यात त्याच्यासमोर पहिल्यांदाच कुणी रांग लावली होती.

चार वाजेपर्यंत सगळा माल संपला. माणसांनी तिथेच दुपट्ट्यांनी बाहुल्या डोक्यामागे बांधल्या आणि मोटरसायकलींवरून, सायकलींवरून, पायी, जंगलाच्या रस्त्याला लागली. प्रणित रिकाम्या टेबलामागे उभा राहून बघत होता. माणसे दूर जात होती आणि चेहरे त्याच्याकडे बघत होते. वळणापर्यंत एकाही चेहऱ्याने नजर काढली नाही. निरोप घेताना माणसे पाठ फिरवतात ही किती मोठी सोय आहे, हे त्याला तेव्हा समजले.

पुढे महिनाभर तो गावाकडे गेला नाही. गेला तेव्हा धानाची रोवणी आटोपत आली होती. गावात शिरताना काहीतरी वेगळे आहे असे वाटले, पण काय ते कळेना. मग लक्षात आले. घरोघरी ओसरीच्या खुंट्यांवर बाहुल्या उभ्या टांगलेल्या होत्या. आडवी कुणीच ठेवत नव्हते. ती आडवी केली, डोळे मिटले आणि त्याच वेळी धनी जंगलात असला तर, असा प्रश्न कुणीतरी काढला होता, आणि त्याचे उत्तर द्यायला कुणी तयार नव्हते. पुरुष घराबाहेर पडताना बाहुलीला 'चाल' म्हणत. लटारूची बायको सोनीबाई जेवण वाढायच्या आधी बाहुलीच्या तोंडावर गमछा टाकी. "माहे घास मोजते ते," तिने प्रणितला सांगितले, तक्रार म्हणून नव्हे, भाव सांगावा तसे.

बाहुल्यांच्या मिशा उन्हापावसाने गेल्या होत्या. खाकी विटून मातकट झाली होती. सगळे चेहरे पुन्हा सारखे झाले होते, आयुषच्या खिडकीतल्या चेहऱ्यासारखे.

सोमाजींनीही एक घेतली होती, पाठ फिरवून, मुलाला कळू न देता. ती त्यांनी बांधावर बांबूला बांधली होती, कारण प्रमाणपत्रावर बुजगावणे लिहिले होते आणि ते कागदाचा मान ठेवणारे गृहस्थ होते. ते प्रणितला तिथे घेऊन गेले. वनरक्षक बिरजू आधीच येऊन वही उघडून बसला होता. चिखलात वाघाचे पंजे उमटले होते, थाळीएवढे. ते जंगलातून सरळ बांधापर्यंत आले होते आणि बाहुलीसमोर चार हातांवर थांबले होते. तिथले गवत एका मोठ्या गोल भागात दबलेले होते. तिथून पंजे सरळ परत गेले होते.

"बसला होता," बिरजू म्हणाला. "बराच वेळ."

प्रणितने टेप काढून गोल मोजला. हातांना काम मिळाले की त्याला बरे वाटे. मग त्याने वर पाहिले. आदल्या दिवशी चिखलणी झालेल्या शेजारच्या शेताचा चिखल उडून बाहुलीच्या सदऱ्यावर, हातांवर, केसांवर वाळला होता. चेहरा मात्र स्वच्छ होता. धुतल्यासारखा, चकचकीत.

"पाऊस आला असेल," प्रणित म्हणाला.

"आला असन," सोमाजी म्हणाले. "तोंडावरच."

बिरजूच्या वहीत एक रकाना होता, 'प्रत्यक्षदर्शी'. तो त्याला मोकळा सोडता येत नव्हता. त्याने जरा विचार केला आणि लिहिले, 'एक'. नाव विचारले तर काय सांगायचे, म्हणून बाहुलीला नाव आहे का, असे त्याने धंद्याचा मालक म्हणून प्रणितला विचारले. प्रणितने नाही म्हटले. घरातली बाहुलीही आयुषसाठी नुसती 'ती' होती.

त्या पावसाळ्यात त्या भागात माणसावर हल्ला झाला नाही. याने काही सिद्ध होत नाही, हे प्रणितला ठाऊक होते. एका हंगामाच्या नोंदीवरून निष्कर्ष काढणाऱ्याला तो स्वतः हसला असता. त्याने गुणवंतरावांना तसे समजावूनही सांगितले. गुणवंतरावांनी लक्षपूर्वक ऐकले आणि खोक्यावर 'अनुभवसिद्ध' छापायला टाकले.

मग सप्टेंबरमध्ये एकाच आठवड्यात डोळे मिटायला लागले.

बाहुल्या उभ्याच होत्या. डोळे मात्र मिटले ते उघडेनात. कारण अगदी साधे होते. पापणीच्या मागे छोटे वजन असते, ते तारेवर झुलते. पावसात तार गंजली, वजन अडकले. फोनवर प्रणितने वडिलांना हे सविस्तर सांगितले. सोमाजी म्हणाले, "बरोबर हाये तुहं. पण सगळ्याइनं एकाच हप्त्यात काऊन मिटले?" एकच साचा, एकच तार, एकच पाऊस, असे प्रणितने सांगितले. तेही खरे होते. पण सांगताना आपला आवाज खाली गेला आहे, आणि आपण मागच्या खिडकीकडे पाठ करून बोलत नाही आहोत, हे त्याच्या लक्षात आले.

त्याच आठवड्यात लटारूची शेळी गेली. तो गवत कापून परत येत होता, शेळी त्याच्या मागे दहा पावलांवर होती. घरी येऊन वळला तेव्हा हातात नुसती दोरी होती, ओली. त्याने वाटेत एकदाही मागे पाहिले नव्हते. रडत नव्हता तो. सोमाजींच्या फोनवरून त्याने प्रणितला एवढेच सांगितले की जूनपासून गावात कुणीच मागे पाहत नाही. मागे पाहायचे काम तिला दिले आहे.

प्रणित त्या दिवशी शिफ्टला गेला आणि एका दाबमापकापुढे तासभर उभा राहिला. आकडा बरोबर होता. शेळीच्या जागी लटारू असता, हेही बरोबर होते. आणि हे सगळे कुठून सुरू झाले ते त्याला उलटे मोजत जाता येत होते: गाव, मूलचे प्रदर्शन, चंदाबाई, मिशा, बस, गुणवंतराव, आणि खिडकीपाशी न बोललेले दोन शब्द.

मयुरीने त्या दिवशी काही विचारले नाही. ती आता विचारीत नसे. आयुषही 'नेऊ का' म्हणत नसे. बाहुली शाळेच्या वेळात खिडकीत आणि कुणी आले की पलंगाखाली, अशी व्यवस्था त्याने आपल्या आपण लावून घेतली होती. सात वर्षांच्या मुलाने लावलेली इतकी नीटनेटकी व्यवस्था पाहून बापाला जे वाटायला हवे ते प्रणितला वाटले, आणि त्याने ते दिवाळीनंतरवर ढकलले.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी सकाळी दहा वाजता गेटवरून फोन आला. अकरा माणसे आली आहेत, सोडायची का, असे गार्ड विचारीत होता. त्याचा आवाज चमत्कारिक येत होता. माणसे माझ्याकडे पाठ करून उभी आहेत, तो म्हणाला, तरी माझ्याकडेच बघत आहेत असे वाटते. डोळे मिटून.

पुढे सोमाजी, बांधावरची बाहुली सोडून डोक्यामागे बांधलेले, त्यांच्यामागे लटारू, मागे नऊ जण. हातात नारळ, हळदकुंकू, नवे खण. कॉलनीच्या रस्त्याने ही मिरवणूक आली तेव्हा बाल्कन्या भरल्या, पण कुणी 'काय बाहुलीवाले' म्हटले नाही. दिवाणखान्यात ते भिंतीला लागून बसले, मात्र कुणाला टेकता येईना, मागे बाहुली होती. अकरा माणसे ताठ बसून चहा प्यायली. गुणवंतराव भागीदार या नात्याने आधीच येऊन बसले होते.

सोमाजींनी विषय काढला. गावातल्या सगळ्या बाहुल्यांनी डोळे मिटले आहेत. एक अजून जागी आहे, ती या घरात आहे. ती मार्कंड्याची आहे, देवाच्या दारातून आलेली, सगळ्यांत आधीची. तिला जंगलाच्या तोंडाशी नेऊन बसवायची, छोटा ओटा बांधायचा. गावाने ठरवले आहे. लटारूने मान हलवली. तो प्रणितकडे असा बघत होता की प्रणितला आपल्या चहाच्या कपाकडे बघावे लागले.

"हे झालं तर आपल्या मालाला तोड नाही," गुणवंतराव कानाशी म्हणाले.

सोमाजी जरा पुढे झुकले. आवाज उतरवून, फक्त मुलासाठी, ते म्हणाले, "लेकराचं खेयनं नाई ना ते? तुह्या धंद्याचं सॅम्पल हाये, असंच ना?"

म्हाताऱ्याला सगळे ठाऊक होते. कदाचित पुलावरचा तो दिवस सोडून सगळे. त्याने नातवाची आणि मुलाची, दोघांचीही लाज राखेल असे एक दार शोधून आणले होते आणि ते उघडून धरले होते. प्रणितने नुसते हो म्हणायचे. बाहुली हळदकुंकू लावून, वाजतगाजत घरातून जाईल. कुणी काही विचारणार नाही. निर्णय घ्यावाच लागणार नाही. मयुरी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिच्या हातातल्या ताटात अकरा रिकामे कप होते, पण ती ते आत नेत नव्हती.

आतल्या खोलीतून आयुष आला. बाहुली त्याच्या हातात होती, डोळे उघडे. त्याने तिला धुतले होते, केस विंचरले होते आणि गुलाबी फ्रॉकचे मागचे बटण लावले होते.

"बाबा," तो म्हणाला, "ही सॅम्पल आहे?"

प्रणितने दोनदा तोंड उघडले. समोर वडील होते, लटारू होता, गुणवंतराव होते, आणि त्यातल्या एकाच्याही तोंडावर ते शब्द ठेवायला जागा सापडेना. मागच्या खिडकीबाहेर, तिकडे, मघापासून ओरडणारे सातभाई पक्षी एकदम गप्प झाले.

गप्प राहणे म्हणजे होकार, असा गावाचा रिवाज आहे. सोमाजी उठले. नारळ उंबऱ्यावर फोडायचा म्हणून सगळे उठले आणि दाराकडे वळले. त्याबरोबर अकरा चेहरे प्रणितकडे झाले. विटलेले, मिशा गेलेले, आणि त्यातला एकही त्याच्याकडून कसली अपेक्षा करत नव्हता. माणसांच्या डोक्यांमागचे ते चेहरे दारातून एकेक करून बाहेर निघाले होते. लटारू सगळ्यांत शेवटी होता. त्याच्या मागे आता कुणी नव्हते, आणि तो मागे बघत नव्हता.

"लटारूभाऊ, मागं पाहा," प्रणित म्हणाला.

लटारू दचकून वळला. मग बाकीचेही वळले, जूनपासून पहिल्यांदा, आपापली मान वळवून.

"ह्या काहीच पाहून नाई राह्यल्या," प्रणित म्हणाला. त्याचा आवाज मोठा नव्हता, पण बाल्कन्यांपर्यंत गेला. "कधीच नाई पाह्यलं ह्याइनं. तार हाये आतमंदी, वजन हाये. मागं आपलं आपल्यालेच पाहा लागते. अन् बाबा, ते सॅम्पल नाई. मी खोटं सांगतलं व्हतं सगळ्याइले. ते आयुषची बावली हाये. माहा पोरगा बावली खेयते. त्याले खेयू द्याचं, घरात बी अन् बाहेर बी, हे मी ठरवलं."